पाहिजे: अहवालासाठी एक वाचक

दूध सोसायटीच्या वार्षिक सभेला गणपूर्ती लागते. ग्रामसभेला लागते. गणपती मंडळाचा खजिनदार बदलायचा असला तरी निदान पाच-सहा डोकी जमवावी लागतात, नाहीतर जुना खजिनदार वही सोडत नाही. पण गावाच्या उशाला डिस्टिलरी किंवा मोठी खाण यायची असेल, तर त्यासाठी जी जनसुनावणी होते तिला गणपूर्तीची अट नाही. ही कुणा खवचट माणसाची कोटी नव्हे. केंद्र सरकारच्या १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत हे धडधडीत छापलेलं आहे. सुनावणीला जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या वतीने वरिष्ठ अधिकारी पाहिजे, प्रदूषण नियंत्रण मंडळाचा प्रतिनिधी पाहिजे, सगळ्याचं चित्रीकरण करायला कॅमेरावाला पाहिजे. जन तेवढे ऐच्छिक आहेत. ज्याने हे कलम लिहिलं त्याला माणसांची पारख होती असं म्हणावं लागेल. कारण या सगळ्या व्यवहारात अहवाल लिहिणारा असतो, लिहून घेणारा असतो, त्यावर शिक्का मारणारा असतो, त्याच्या बाजूने आणि विरोधात घसा फोडणारे तर मुबलक असतात. नसतो तो फक्त वाचणारा. पर्यावरणाच्या ऱ्हासावर मोठ्या माणसांनी मोठी पुस्तकं लिहिली आहेत. या लेखाचं म्हणणं त्यापेक्षा बरंच लहान आहे. बेळगाव-निपाणीच्या पट्ट्यात सर्वांत दुर्मीळ झालेला प्राणी म्हणजे पर्यावरण अहवालाचा वाचक, आणि परवानगीच्या कारभारात ज्या गमती घडतात त्या बहुतेक त्याच्या गैरहजेरीत घडतात.

अहवाल तयार कसा होतो ते आधी पाहू. ज्याला प्रकल्प उभारायचा आहे तो एक सल्लागार संस्था नेमतो. तिला क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाच्या नाबेटची मान्यता लागते. तिच्याकडे हवा, पाणी, आवाज, माती, प्राणी-वनस्पती आणि समाज अशा एकेका विषयाचा तज्ज्ञ असतो. हे सगळे मिळून प्रकल्पाने निसर्गाचं काय नुकसान होईल ते निःपक्षपातीपणे सांगतात, आणि त्यांचं बिल प्रकल्पवाला भरतो. मुलाच्या बापाने नेमलेल्या ज्योतिषाने पत्रिका जुळत नाही असं सांगितल्याचं कधी ऐकलं आहे का? फार तर थोडा मंगळ निघतो, आणि त्यावर शांतीही त्याच्याकडेच असते. इथे त्या शांतीला ‘पर्यावरण व्यवस्थापन आराखडा’ म्हणतात. धूळ उडेल, तर पाणी मारू. आवाज होईल, तर झाडं लावू. झाडं तोडावी लागतील, तर दुसरी झाडं लावू. हे सगळं काही शे पानांत बसवायचं, तर प्रत्येक पान नव्याने लिहायला कुणाला वेळ आहे? मग एका अहवालातली पानं दुसऱ्यात जातात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साईट खाणीच्या अहवालात चक्क रशियातल्या बॉक्साईट खाणीच्या अहवालातला मजकूर आला होता, आणि त्यात स्प्रूस आणि बर्चची जंगलं होती. कोकणात बर्च! हापूसची कलमं, काजूच्या बागा आणि त्यांच्यामध्ये सैबेरियाकडून पाहुणे आलेले वृक्ष. नक्कल करण्याची खोड जगात सगळीकडे आहे, त्यामुळे तिचं नवल नाही. नवल याचं की हे बर्च लिहिणाऱ्याच्या, तपासणाऱ्याच्या आणि सही करणाऱ्याच्या टेबलावरून विनाअडथळा पुढे गेले. तो कागद कोकणातल्या एखाद्या गुराख्याच्या हातात पडून त्याला वाचून दाखवला असता, तर दुसऱ्याच ओळीला त्याने विचारलं असतं, “हे झाड खंय असता?”

दुसरी गंमत ऋतूची. बहुतेक प्रकल्पांना हवा-पाण्याची मूळ स्थिती कळावी म्हणून एका ऋतूची मोजमापं घेतली की चालतात, फक्त तो ऋतू पावसाळा नसावा अशी अट आहे. दिल्लीत बसून ही अट सोयीची वाटत असेल. पावसात यंत्रं भिजतात, रस्ते चिखलाचे होतात, तज्ज्ञांना सर्दी होते. पण खानापूर तालुक्यातलं आमगाव हे कर्नाटकातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक. कणकुंबी, जांबोटी, हेम्माडगा या भागात पावसाळा वगळून निसर्ग मोजायचा म्हणजे मुख्य आरोपी सुटीवर गेल्यावर घटनास्थळाचा पंचनामा करायचा. निपाणीकडे येऊ. जानेवारी ते मार्चमध्ये वेदगंगा पाहणाऱ्या तज्ज्ञाला ती अत्यंत सभ्य नदी वाटेल. ऑगस्ट २०१९ मध्ये तीच वेदगंगा यमगर्णीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर चढली आणि देशाच्या एका मुख्य रस्त्याची वाहतूक बंद पडली. नदीला मोजमापाचे महिने कुणी कळवलेले नसतात. प्राण्यांचंही तेच. खानापूरच्या भीमगड अभयारण्यात, तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांत, राटनचं वटवाघूळ राहतं. बराच काळ जगात दुसरीकडे त्याचा पत्ता नव्हता. अशा प्रदेशात चार दिवसांची पाहणी करून यादी केली की तिच्यात कावळा, चिमणी, साळुंकी, मुंगूस आणि ‘स्थानिकांच्या सांगण्यानुसार ससा’ एवढे मान्यवर हजर असतात. मोराचा मात्र प्रश्न येतो, कारण तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे आणि त्याची नोंद झाली की त्याच्यासाठी वेगळा संवर्धन आराखडा करावा लागतो. अशा वेळी संवाद साधारण असा व्हायचा:

“मामा, इथं मोर आहेत का?”

“हाईत की. सकाळी बघा, हरभऱ्यात पाच-पाच असत्यात.”

“तुमच्या रानात आहेत की पलीकडच्या?”

“मोराला काय सातबारा हाय का साहेब?”

अहवालात उतरतं ते असं: ‘परिसरात मोराचा अधूनमधून वावर असल्याचे ऐकिवात आहे.’ रोज सकाळी हरभरा गमावणाऱ्या शेतकऱ्याने हे वाक्य वाचलं असतं, तर ऐकिवात काय आणि डोळ्यांदेखत काय हे त्याने लेखी कळवलं असतं.

तिसरी गंमत आकड्यांची. कायद्याने मर्यादा ठरवल्या की माणसं त्या मर्यादेच्या आत राहायला शिकतात, हे आपण शाळेत नागरिकशास्त्रात वाचलं. परवानगीच्या क्षेत्रात ही शिकवण जितकी मनावर घेतली गेली तितकी कुठेच नाही. रोज ५,००० टन ऊस गाळणाऱ्या कारखान्याला पर्यावरण परवानगी लागते, म्हणून ४,९०० टनांचा कारखाना हा आदर्श कारखाना. २०,००० चौरस मीटरपासून पुढच्या बांधकामाला लागते, म्हणून १९,९०० चौरस मीटर हे इमारतीचं सर्वांत देखणं क्षेत्रफळ. गौण खनिजाच्या खाणीला पाच हेक्टरांखाली मोकळीक होती, तेव्हा निसर्गाने दगड, मुरूम आणि वाळू बरोबर पावणेपाच हेक्टरांच्या तुकड्यांत घडवल्याचं लक्षात आलं. शेवटी २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाला दीपक कुमार खटल्यात या तुकडेबाजीची दखल घ्यावी लागली आणि लहान खाणींनाही परवानगी बंधनकारक करावी लागली. तुकडे करण्याचा मोठा प्रयोग आपल्या शेजारीच झाला. बेळगावहून गोव्याला उतरताना कॅसलरॉकपासून कुळेपर्यंत रेल्वेचा दुसरा मार्ग, अनमोडकडून मोलेमार्गे जाणारा महामार्ग चौपदरी करणं आणि तमनार प्रकल्पाची वीजवाहिनी, अशी तीन कामं एकाच मोले-भगवान महावीरच्या जंगलातून जाणार होती. तिघांच्या फायली वेगळ्या, त्यामुळे प्रत्येकीचं म्हणणं एकच: आमच्याने कितीसं नुकसान होणार? तिन्ही फायली एका टेबलावर ठेवून वाचणारा माणूस नेमायला कुणी तयार नव्हतं. ते काम गोव्यातल्या विद्यार्थ्यांनी, वकिलांनी आणि शास्त्रज्ञांनी फुकट केलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि मे २०२२ मध्ये रेल्वेच्या दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी न्यायालयाने रद्द केली. वाचकाला एवढं करता येतं.

आता खास आपल्या सीमाभागाची गंमत. अधिसूचनेत एक सर्वसाधारण अट आहे. एरवी राज्याच्या पातळीवर निकालात निघणारा प्रकल्प आंतरराज्य सीमेच्या पाच किलोमीटरांच्या आत असेल, तर त्याचा वर्ग वाढतो आणि फाईल बेंगळुरूऐवजी दिल्लीला जाते. आधी हे अंतर दहा किलोमीटर होतं, २०१४ मध्ये पाच झालं. कोगनोळी किंवा सौंदलगा भागात मोठा कारखाना काढणाऱ्याला त्यामुळे थेट केंद्रात स्थान मिळतं. सीमावाद सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून पडून आहे. दिल्लीने त्याकडे पाहिलं नाही असं म्हणणाऱ्यांनी ही अट वाचावी. सीमेवरच्या माणसाची नसली, तरी सीमेवरच्या बॉयलरची दिल्ली दखल घेते. याच अटीत पुढे सूट ठेवली आहे: त्या जागी जंगल, अभयारण्य वगैरेचा प्रश्न नसेल आणि सीमेवरची दोन्ही राज्यं सहमत असतील, तर हे अंतर कमी करता येईल किंवा पूर्ण काढूनही टाकता येईल. कर्नाटक आणि महाराष्ट्र यांनी सीमेच्या बाबतीत सहमत व्हावं, ही तरतूद ज्या अधिकाऱ्याने लिहिली त्याच्या आशावादाला सलाम केला पाहिजे. शिवाय अहवालासाठी प्रकल्पाभोवती साधारण दहा किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढून अभ्यास करतात. निपाणीजवळ असं वर्तुळ काढलं की त्याचा एक मोठा तुकडा महाराष्ट्रातल्या कागल तालुक्यात जातो. तिथल्या विहिरी, तिथली पिकं, तिथली माणसं कर्नाटकातल्या अहवालात मोजली जातात. इतक्या दशकांत जे पुढाऱ्यांना जमलं नाही ते कंपासने एका फटक्यात केलं. या एकीकरणाचा ठराव मात्र कुठेच साजरा झाला नाही, कारण तो परिशिष्टात होता आणि परिशिष्ट कोण वाचतो?

वाचायचं म्हटलं तरी कोणत्या भाषेत? मुख्य अहवाल इंग्रजीत असतो. त्याचा गोषवारा इंग्रजीत आणि राज्याच्या किंवा स्थानिक भाषेत द्यावा, असं अधिसूचना सांगते. ‘किंवा’ या दोन अक्षरांच्या फटीत आपला सगळा सीमाभाग राहतो. राज्याची भाषा कन्नड; खानापूर, निपाणी आणि बेळगाव तालुक्याच्या कित्येक गावांत घरातली, चावडीतली आणि भांडणातली भाषा मराठी. जिथे भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून जास्त आहेत तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, असं धोरण १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून कागदावर आहे. कागदावर असलेलं आणखी एक म्हणून ते सोडून देऊ. भाषेची ही तक्रार आपल्या एकट्याची नाही, हे २०२० मध्ये देशाला कळलं. त्या वर्षी केंद्राने अधिसूचनेचा नवा मसुदा हरकतींसाठी काढला तो इंग्रजी आणि हिंदीत. दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जूनला आदेश दिला की आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत त्याचं भाषांतर करा. कर्नाटक उच्च न्यायालयानेही भाषांतराच्या मुद्द्यावरच अंतिम अधिसूचना काढण्यास सरकारला रोखलं. म्हणजे कन्नड माणसालाही कागद आपल्या भाषेत हवा होता, आणि तो त्याला मागावा लागला. इथे आम्हा मराठीभाषकांनाही थोडा आरसा दाखवला पाहिजे. दुकानाच्या पाटीवरच्या अक्षरांसाठी आम्ही रस्त्यावर उतरू, मोर्चा काढू, लाठ्या खाऊ. पण त्याच दुकानामागे येणाऱ्या कारखान्याचा अहवाल मराठीत द्या, असा अर्ज लिहायला बसायचं म्हटलं की आमच्या पेनातली शाई संपते. पाटी वाचायला दोन सेकंद लागतात, गोषवाऱ्याला दोन तास. आमचा अभिमान दोन सेकंदांपर्यंत जाज्वल्य आहे.

या सगळ्या तयारीनिशी आपण जनसुनावणीत येतो. समजा, निपाणीच्या आसपास एका साखर कारखान्याला डिस्टिलरी वाढवायची आहे. मंडप घातलेला, पहिल्या दोन रांगांत कोच, मागे प्लास्टिकच्या खुर्च्या. साहेब येईपर्यंत माईकवाला ‘हॅलो, चेक’ म्हणतो आणि ते सुनावणीतलं सर्वांत स्पष्ट ऐकू येणारं वाक्य ठरतं. सल्लागार पडद्यावर आकडे दाखवतो. दुपारचं ऊन पडद्यावर असल्याने आकडे फक्त त्यालाच दिसतात. सादरीकरण इंग्रजीमिश्रित कन्नडमध्ये, प्रश्न मराठीत, उत्तरं हिंदीत. राष्ट्रीय एकात्मतेचं असं दर्शन पंधरा ऑगस्टलाही होत नाही.

“अण्णा, अहवाल वाचलासा का?”

“वाचायचा कशाला? आमचा विरोध हाय.”

“आणि पाटील तुमी?”

“आमचा पाठिंबा हाय.”

“वाचून?”

“चेअरमन आपलंच हाईत. वाचायला काय परकं हाईत व्हय?”

तेवढ्यात एक म्हातारा उठून खरा प्रश्न विचारतो: “साहेब, बॉयलरची राख आमच्या वस्तीवर येनार का पलीकडच्या?” सल्लागार सांगतो, “ते वाऱ्याच्या दिशेवर अवलंबून आहे.” म्हातारा म्हणतो, “मग वाऱ्याला विचारून सांगा, आमी थांबतो.” हशा होतो, साहेबही हसतात, चहा येतो. इतिवृत्तात नोंद अशी होते: ‘एका ग्रामस्थाने वाऱ्याच्या दिशेबाबत विचारणा केली. प्रकल्प प्रवर्तकांनी समाधानकारक उत्तर दिले.’ खरं तर हे इतिवृत्त सभा संपताना लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचं आणि मग त्यावर सही करायची, असा नियम आहे. पण तोवर वडापावची गाडी उघडलेली असते, आणि वाचून दाखवायला अधिकारी उरला तरी ऐकायला खुर्च्याच उरतात. विरोधक घोषणा देऊन समाधानी, समर्थक टाळ्या देऊन समाधानी, सल्लागार उत्तराविना सुटल्याने समाधानी. राखेचं तेवढं ठरायचं राहतं.

वाचक नसला की वरच्या पातळीवर काय होतं याचा सर्वांत मोठा नमुना आपल्या खानापूर तालुक्यातच आहे. कणकुंबीचा कळसा आणि भांडुरा या नाल्यांचं पाणी म्हादईच्या खोऱ्यातून मलप्रभेत वळवायची योजना तीस-पस्तीस वर्षं जुनी. २०१० मध्ये लवाद नेमला गेला. त्याने १४ ऑगस्ट २०१८ रोजी निवाडा दिला: गोव्याला २४ टीएमसी, कर्नाटकाला १३.४२, महाराष्ट्राला १.३३. निवाडा कुणालाच पटला नाही, तेव्हा तो बऱ्यापैकी समतोल असावा. मग परवानगीचा खेळ सुरू झाला. १७ ऑक्टोबर २०१९ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने कर्नाटकाला कळवलं की ही पिण्याच्या पाण्याची योजना असल्याने तिला पर्यावरण परवानगी लागत नाही. नियमाला धरूनच होतं ते. अधिसूचनेच्या यादीत धरण, वीज आणि सिंचन आहे. पिण्याचं पाणी नाही. तेच पाणी, त्याच नाल्याचं, त्याच जंगलातून उचललेलं. पाटात सोडलं तर निसर्गावर आघात, हंड्यात भरलं तर नाही. कळसा नाल्याला आपलं पाणी पुढे हुबळीत पिणार की शिंपणार हे आधी ठाऊक असतं, असं गृहीत धरलेलं दिसतं. गोव्यात गदारोळ झाला. १८ डिसेंबरला मंत्रालयाने ते पत्र स्थगित ठेवलं. आठवडाही उलटला नाही तोवर, २४ डिसेंबरला, कर्नाटकाला दिलासा देणारं आणखी एक पत्र गेलं. एकाच आठवड्यात दोन्ही राज्यांना आपणच जिंकलो असं वाटावं, याला प्रशासकीय प्रतिभा लागते. २०२३ मध्ये केंद्राने निवाड्याच्या अंमलबजावणीसाठी ‘प्रवाह’ नावाचं प्राधिकरण मंजूर केलं. पाणी आहे तिथेच आहे. या काळात कणकुंबीच्या माणसाला, ज्याच्या दारातून हे पाणी जायचं आहे त्याला, त्याच्या भाषेत एक पानभर गोषवारा द्यावा असं तिन्ही राज्यांपैकी कुणालाच सुचलं नाही. त्याच्या नावाने भांडायला त्याच्या वाचनाची गरज नव्हती.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. “तुमच्या या वाचनाने विकास अडतो. ऊस रानात वाळला तर कुठं घालायचा? बेळगावची पोरं पुण्याला जातात ती हौस म्हणून नव्हे.” आक्षेपात तथ्य आहे. निपाणीची तंबाखू आणि विडी मागे पडत गेली, ऊस वाढला, आणि कारखाना नको म्हणणारा माणूस इथे सापडणार नाही. पण प्रकल्प वाचनाने अडल्याची उदाहरणं शोधायला गेलं की हाती वेगळंच लागतं. तो अडतो तो नंतर, कोर्टात. आधी जे सुनावणीत विचारायचं राहिलं ते मग वकील विचारतो, आणि त्याच्या प्रश्नाची फी जास्त असते. बेळगावच्या हलगा-मच्छे बायपासची कहाणी शहरातलं शेंबडं पोरही सांगेल: सुपीक भातजमीन, शेतकऱ्यांचा विरोध, झिरो पॉइंट नेमका कुठे यावर वाद, न्यायालयाची स्थगिती. दहा किलोमीटरही नसलेला हा रस्ता कित्येक वर्षं गाड्यांऐवजी तारखांसाठीच वापरात होता. सुरुवातीलाच नकाशा गावात टांगून ‘बघा, कुठं चुकलंय सांगा’ म्हटलं असतं, तर कदाचित शिव्या मिळाल्या असत्या. पण शिव्यांना स्थगिती नसते. घाईचं दुसरं टोकही पाहा. २०१७ मध्ये सरकारने परवानगीशिवायच सुरू झालेल्या प्रकल्पांना नंतर परवानगी घेण्याची वाट करून दिली. १६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशी मागाहून परवानगी बेकायदा ठरवली, आणि त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला तो निकालच मागे घेतला. तेव्हा आधीचं नंतर आणि नंतरचं आधी करण्यात विरोधकांचा हात आहे, असं निदान कुणी म्हणू नये.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा. “लोकांना पर्यावरण कळतंय कुठं? सुनावणीत उठतात ते पोराला नोकरी द्या आणि रस्ता करा म्हणून.” खरं आहे, मागतात. पण बारकाईने ऐकलं तर याच मागण्यांच्या मधोमध विहिरीला मळीचा वास येतो, गाड्यांनी शाळेचा रस्ता उखडतो, राखेने वाळवणातली मिरची काळी पडते, हेही सांगितलेलं असतं. हाच तर पर्यावरण अहवाल. फक्त त्याला परिशिष्ट नाही आणि तो सांगणाऱ्याच्या खांद्यावर टॉवेल आहे. पोराला नोकरी मागणारा माणूस पर्यावरणाचा शत्रू नसतो. आपल्या वाट्याचं नुकसान येणारच आहे तर फायदा तरी मिळावा, एवढा हिशेब त्याने केलेला असतो, आणि तो सल्लागाराच्या हिशेबापेक्षा प्रामाणिक असतो. तिसरा आक्षेप सल्लागारांच्या बाजूने: सगळेच तसे नसतात. नसतातच. रात्रभर सापळे लावून वटवाघळं मोजणारा, नकोसा निष्कर्ष लिहून पुढचं काम गमावणारा तज्ज्ञही या धंद्यात असतो. पण ज्याचं लिखाण कुणी वाचतच नाही त्याच्यातला चांगला आणि वाईट ओळखायचा कसा? बर्चचं जंगल लिहिणारा आणि बारापेडेच्या गुहेत रांगत शिरणारा, दोघांच्या अहवालाला सारखीच लाल फीत आणि सारखाच शिक्का. वाचक आला की पहिला फायदा प्रामाणिक सल्लागाराचा होईल.

परवानगी मिळाल्यावरही वाचकाचं काम संपत नाही. अटी पाळल्या का याचा अहवाल प्रकल्पवाल्याने दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. जूनच्या अहवालानंतर चार दिवसांनी जागतिक पर्यावरण दिन येतो. झाड लावल्याचा फोटो त्या दिवशी निघतो, तो डिसेंबरच्या अहवालाला उपयोगी पडतो. झाड तेवढे महिने टिकलंच पाहिजे असं नाही, फोटो टिकतो. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी पर्यावरण परवानगी आणि त्यानंतरची देखरेख या विषयावर स्वतंत्र अहवाल संसदेला दिला आणि अटी न पाळण्याचे नमुने मांडले. अहवालांवरचा अहवाल, आणि तोही आता वाचकाची वाट पाहत असेल.

तेव्हा सीमाभागातल्या मराठी वाचकाला विनंती एवढीच. पुढच्या वेळी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदा आणि नाव बदलल्याच्या जाहिरातींच्या शेजारी, बारीक अक्षरात जनसुनावणीची सूचना दिसली तर पान उलटू नका. सूचनेपासून सुनावणीपर्यंत निदान तीस दिवस मिळतात. अहवालाच्या प्रती जिल्हाधिकारी कचेरी, जिल्हा पंचायत किंवा महानगरपालिका, जिल्हा उद्योग केंद्र आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय इथे ठेवलेल्या असतात. लेखी अर्ज केला की कचेरीच्या वेळेत पूर्ण अहवाल पाहायला मिळतो. गोषवारा मराठीत मागा, मिळाला नाही तर मागितल्याची पोच घ्या. सुनावणीला जाता आलं नाही तरी हरकत लेखी पाठवता येते. सगळी पानं वाचायची गरज नाही. आपल्या गावाचं नाव, नदीचं नाव, विहिरींचा तक्ता आणि झाडांची यादी एवढंच तपासा. यादीत बर्च सापडला तर हरकत त्याच दिवशी टाका.